दक्षिणा देतो, मग भाड्याने खोली का नाही?

पत्र : नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या बांधल्या आहेत. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या मुलींना त्या भाड्याने देतो. दोन भरलेल्या आहेत, एक रिकामी. मागच्या आठवड्यात एक मुलगी खोली बघायला आली. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. बोलणं चांगलं, भाडं कबूल, डिपॉझिट द्यायला तयार. जाताना तिने आपणहून सांगितलं, ‘काकी, मागाहून कळून तुम्हाला वाईट वाटायला नको. मी ट्रान्सजेंडर आहे. आधार कार्डावर अजून जुनंच नाव आहे.’ मूळची सत्तरीतली. घरच्यांनी संबंध तोडले आहेत. मला तिला खोली द्यावीशी वाटते. यजमान म्हणतात, ‘आता त्यांना कायदा आहे, कोर्ट आहे, सगळे समान हक्क मिळाले आहेत. सरकार बघून घेईल, आपलंच घर कशाला? शेवटी घर माझ्या नावावर आहे.’ सासूबाई म्हणतात, ‘अशांना दक्षिणा द्यावी, आशीर्वाद घ्यावा, घर देऊ नये.’ माझी मुलगी दहावीत आहे, तिच्यावर काही परिणाम होईल का, ही काळजी मलाही आहे. न्हाणी तिन्ही खोल्यांना मिळून एकच. वाड्यावरचे लोक बोलतील ते वेगळंच. या लोकांना खरंच समान हक्क मिळाले आहेत का? आणि मी काय करू? महिनाअखेरपर्यंत ती वाट बघणार आहे.
— एक घरमालकीण

उत्तर : ताई, खोली द्या. उत्तर आधीच सांगून टाकते, कारण वाट बघणाऱ्या माणसाचे दिवस मोजके आहेत. आधीच्या दोघींना जे भाडं लावलंत, जे नियम सांगितलेत, तेच तिला. तिच्याकडून जादा पैसे नकोत आणि उपकाराची भाषाही नको. कमावती मुलगी आहे, भाडं देणार आहे, खोली रिकामी आहे.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते उगाच बोलत नाहीत. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात फार मोठा निकाल दिला. समानतेचा, अभिव्यक्तीचा, सन्मानाने जगण्याचा जो हक्क घटनेने प्रत्येकाला दिला आहे तो तृतीयपंथीयांनाही पूर्ण आहे, आपली लिंगओळख काय हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असं न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी लिहून ठेवलं. पुढे 2019 मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्करक्षणाचा कायदा केला, तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. मतदार यादी, आधार, पॅन या सगळ्यांत वेगळी नोंद करता येऊ लागली. चाळीस वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. यजमानांना एवढं मोकळेपणाने सांगा की हो, हे मिळालं आहे, आणि ते मिळवायला कित्येकांनी आयुष्य घालवलं आहे.

पण त्यांचं पुढचं वाक्य, ‘सरकार बघून घेईल’, तिथे मी थांबते. 2017 साली केरळात कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा वीसहून अधिक तृतीयपंथी व्यक्तींना तिथे नोकऱ्या मिळाल्या. देशभर कौतुक झालं. सरकारी उपक्रमाने केलेली नेमणूक, गणवेश, पगार, सगळं होतं. थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींनी नोकरी सोडली. कारण शहरात त्यांना कुणी खोली देईना. लॉजवर राहायचं तर रोजचं भाडंच पगार खाऊन टाकायचं. सरकारने आपलं काम केलं होतं, घरमालकांनी दार लावून घेतलं. त्या सगळ्या घरमालकांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं की आमचा विरोध नाही, सरकार आहे ना, आमचंच घर कशाला. प्रत्येकाने फक्त आपल्यापुरतं एक दार लावलं आणि शहर बंद झालं. कुंडईला कामाला जाणाऱ्या तुमच्या या मुलीचंही तेच होणार आहे. फोंड्यात खोली मिळाली नाही तर सत्तरीतून रोज बसने ये-जा, तीही ज्या गावात घराचं दार बंद आहे तिथून. कंपनीची शिफ्ट कुणासाठी थांबत नाही. शेवटी नोकरी जाईल, आणि मग आपण सगळेच म्हणायला मोकळे की ही माणसं कष्ट करत नाहीत.

2019 च्या कायद्याचं तिसरं कलम यजमानांना वाचून दाखवा. तृतीयपंथी व्यक्तीशी कुठे कुठे भेदभाव करता येणार नाही याची त्यात यादी आहे. शाळा, नोकरी, दवाखाना, सार्वजनिक जागा, आणि त्याच यादीत जागा विकत घेण्याचा, भाड्याने घेण्याचा, तिथे राहण्याचा हक्कही आहे. म्हणजे ‘ती तशी आहे’ एवढ्याच कारणाने खोली नाकारणं ज्या कायद्याचा ते हवाला देतात त्याच कायद्याला धरून नाही. आता ते विचारतील, नाकारली तर शिक्षा काय? इथेच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. कायदा संमत झाला तेव्हा त्यातल्या शिक्षेच्या कलमात वेठबिगारी, सार्वजनिक जागी अडवणूक, घरातून वा गावातून हुसकावणं, आणि शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक वा आर्थिक छळ एवढेच गुन्हे होते. भाड्याने घर नाकारणं त्यात आलंच नाही. मनाई आहे, पण मनाई मोडणाऱ्याला कुणी विचारत नाही. आणि जे गुन्हे त्यात आले त्यांना तेव्हा शिक्षा किती ठेवली, तर सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला आपल्याकडे किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे. तोच अत्याचार, तसंच शरीर, तसंच दुःख, आणि कायद्याच्या पुस्तकात किंमत एवढी कमी! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती. समान हक्क मिळाले असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून बघावेत.

आणखीही सांगता येईल. 2017 साली आलेल्या रक्तदानाच्या मार्गदर्शक सूचनांनी तृतीयपंथी व्यक्तींना सरसकट रक्तदानापासून दूर ठेवलं. त्यांना मागास वर्ग मानून नोकरी आणि शिक्षणात आरक्षण द्या असं न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं होतं. शेजारच्या कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी भरतीत 1 टक्का जागा ठेवल्या, बहुतेक राज्यांनी तेवढंही केलं नाही. आपल्या गोव्यात 2015 च्या सुरुवातीला एका मंत्र्याने समलिंगी आणि तृतीयपंथी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी केंद्रं काढू असं जाहीर बोलून दाखवलं होतं. देशभर टीका झाल्यावर सारवासारव झाली. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद पहिल्यांदा घेतली गेली, तेव्हा देशात 4,87,803 आणि गोव्यात 398 जणांची नोंद झाली. अख्ख्या गोव्यात 398! बाकीचे नव्हते असं मला वाटत नाही. दारात आलेल्या अनोळखी गणनाकाराला, तेही घरच्यांच्या समोर, किती जण खरं सांगतील? तुमच्यासमोर या मुलीने जे सांगितलं ते सांगायला केवढी छाती लागते याचा विचार करा. न सांगता खोली घेता आली असती. तिने तुमचा मान ठेवला.

सासूबाईंचं वाक्य मात्र मी दोन दिवस मनात घोळवत होते. दक्षिणा द्यावी, आशीर्वाद घ्यावा, घर देऊ नये. त्यांच्या पिढीला असंच शिकवलं गेलं आणि त्यात त्यांच्या मनात वाईट काही असेल असं मला वाटत नाही. पण बघा ना, आपण या माणसांना काय काय दिलं आहे. त्यांच्या आशीर्वादाला किंमत दिली, त्यांच्या शापाला भ्यालो, बारशाच्या आणि लग्नाच्या घरी त्यांच्या हातावर पैसे ठेवले. पैसे ठेवले की त्यांनी निघून जायचं, हा अलिखित करार. शेजारी म्हणून, भाडेकरू म्हणून, दुकानातलं गिऱ्हाईक म्हणून ते आपल्याला नकोत. देवत्व द्यायला आपण तयार आहोत, शेजार द्यायला नाही. आणि मग ती माणसं टाळी वाजवत का फिरतात असंही आपणच विचारतो. तुमच्याकडे आलेल्या मुलीने दक्षिणा मागितली नाही. आशीर्वादाचा धंदाही ती करत नाही. गोळ्यांच्या पाकिटांवर लेबलं लावून ती महिन्याचा पगार घेते आणि त्यातून भाडं देईन म्हणते. सासूबाईंना एवढंच विचारा, ‘आई, मागितलेलं दान देणं सोपं की कष्टाचं भाडं घेऊन खोली देणं सोपं?’ वाद घालू नका, घाई करू नका. चवथीच्या माटोळीचा (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या चौकटीचा), सोवळ्याओवळ्याचा विषय त्यांनी काढलाच, तर मागच्या खोलीतल्या आधीच्या दोघी तुमच्या देवघरात कधी येतात का, हे त्यांनाच आठवून बघू दे. भाडेकरू भाडेकरूच्या जागी राहतो. आणि चार-सहा महिन्यांनी त्यांनी आपणहून तिला पातोळ्या खायला बोलावलं तर मला नवल वाटणार नाही. गोव्यातल्या म्हाताऱ्यांचं मन माणूस समोर वावरायला लागला की लवकर विरघळतं, हे मी खूप घरांत बघितलं आहे.

तुमच्या मुलीची काळजी मी समजू शकते. ट्रान्सजेंडर असणं हा आजार नाही, संगतीने लागणारं काही तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नव्या आजार-वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, ते मानसिक विकारांच्या यादीतून काढून टाकलं. ‘बरं करतो’ म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं वागणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. आपल्या मुलीपासून काही लपवून ठेवू नका, पण सांगण्याआधी खोली मागणाऱ्या मुलीची परवानगी घ्या. दहावीतली मुलं आपल्यापेक्षा जास्त जाणतात. परिणाम व्हायचा तर हाच होईल की आपली आई माणसाला माणसासारखं वागवते हे ती घरात बघेल.

परवानगीचं मी मुद्दाम म्हटलं. ती कोण आहे ही गोष्ट तिची आहे. तुम्हाला विश्वासाने सांगितली, ती वाड्यावर, भाजीवालीकडे, देवळाच्या मंडपात जाता कामा नये. चांगल्या हेतूनेही नाही. ‘आमच्याकडे एक तसली राहते, आम्ही काही मानत नाही हो’ असं कौतुकानेसुद्धा सांगू नका.

न्हाणीचं काय करायचं, तर सुतार बोलवा. आतून घट्ट लागणारी कडी, बाहेर दिवा, खिडकीला जाळी. तिघींनाही सारखीच सुरक्षितता मिळेल, आणि खरं सांगायचं तर ही कडी तुम्ही आधीच नीट करून द्यायला हवी होती. आधीच्या दोघींपैकी कुणी पुढेमागे प्रश्न विचारला तर त्या नव्या मुलीलाच विचारून, तिला चालेल तेवढंच बोला. तृतीयपंथी व्यक्तींना सार्वजनिक शौचालयात जायची जी भीती असते ती तुम्हा-आम्हाला कळणार नाही. बायकांच्या बाजूला गेलं तर हाकलतात, पुरुषांच्या बाजूला गेलं तर अंगाशी येतात. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तुमच्याकडची एक कडी लागणारी न्हाणी तिच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे!

वाड्यावरचे लोक बोलतील. बोलू देत. एक गोष्ट त्यांच्यासाठी ठेवा. जानेवारी 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने महिलांच्या जागेसाठी अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या आणि न्यायालयाने त्यांना महिला म्हणून लढायला परवानगी दिली. आपलं पर्वरीचं खंडपीठही याच उच्च न्यायालयाचं. पण मला त्यातली न्यायालयापेक्षा मोठी वाटते ती पुढची गोष्ट. गावाने त्यांना निवडून दिलं. खानदेशातल्या एका खेड्यातल्या बायाबाप्यांनी आपली पंच म्हणून जिला मत दिलं, तशी एक मुलगी फोंडा तालुक्यातल्या वाड्यावर नुसती राहायला आली तर आभाळ कोसळायचं कारण नाही.

कागदपत्रांचं घाबरू नका. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, ती तिघींचीही द्या. आधारवर जे नाव आहे ते अर्जात लिहा आणि ‘सध्या वापरात असलेलं नाव’ म्हणून तिचं नाव शेजारी लिहा. ठाण्यावर तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. घरमालकीण सोबत असली की प्रश्नांचा सूर बदलतो. तिला ओळखीचा दाखला काढायचा असेल तर 2019 च्या कायद्याने तो जिल्हाधिकाऱ्यांकडून देण्याची सोय केली आणि 2020 पासून त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन अर्जही घेतले जाऊ लागले. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आत्ता काय लागू आहे ते विचारू द्या. 15100 हा त्यांचा टोल फ्री क्रमांक. अकरा महिन्यांचा करार करा, भाड्याची पावती द्या, दिलेल्या कागदांवर आधारच्या नावासोबत तिचं नाव लिहायला कुचराई करू नका. पत्त्याचा पुरावा नसल्यामुळे या मंडळींची बँकेपासून रेशनपर्यंत किती कामं अडतात ते एकदा तिलाच विचारा.

तिच्या घरच्यांनी संबंध तोडले आहेत म्हणता. त्यांनी तिला ‘आता तुझा काही वाटा नाही’ असंही सांगितलं असण्याची दाट शक्यता आहे. ते चूक आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात आईवडिलांच्या मिळकतीचा निम्मा भाग मुलांसाठी राखून ठेवलेला असतो, मृत्युपत्र करूनही तो दुसऱ्याला देता येत नाही. त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, म्हणजे तिने स्वतःला काय म्हणवून घेतलं याने तिच्या वाट्यात पैशाचाही फरक पडत नाही. वारसा काढून घ्यायची कारणं कायद्यात मोजकीच आहेत आणि ट्रान्सजेंडर असणं हे त्यांतलं नाही. पुढेमागे इन्व्हेंटरीचं, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीचं, प्रकरण निघालं आणि कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर तिने वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. तेवढं माझ्यातर्फे तिला नक्की सांगा.

आणि ताई, याच कायद्याची दुसरी बाजू तुमच्यासाठी. यजमान म्हणाले घर माझ्या नावावर आहे. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल, तर गोव्यात विवाहाची नोंद झाल्यावर नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते, दोघांची निम्मी निम्मी. वडिलोपार्जित मिळकतही त्यात येते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आणि घरपट्टीवर कुणाचंही नाव असो, त्या तीन खोल्यांतली निम्मी मालकी तुमची आहे. हे भांडायला म्हणून सांगत नाही. तुम्ही पत्रात ‘मी काय करू’ असं विचारलंत, ‘आम्ही काय करू’ असं नाही, म्हणून सांगते. घरात तुमच्या मताला जागा आहे ती यजमानांच्या मर्जीने आलेली नाही. शांतपणे बसून, ‘मला द्यायची आहे’ असं एकदा स्पष्ट म्हणा. त्यांना भीती कशाची वाटते ते ऐकून घ्या. भाडं बुडण्याची? तर डिपॉझिट आहे. लोकांच्या बोलण्याची? ते आधी तुम्हाला बोलतील, तुम्ही उत्तर द्याल. तरीही ते अडले तर तीन महिने बघू म्हणा, पण ही मुदत तुमच्या दोघांतली राहू द्या, तिला तिचा पत्ता लागता कामा नये. परीक्षेला बसवल्यासारखं तिने आणखी किती दारांत उभं राहायचं?

एवढं करूनही घरात जमलं नाही, तर तिला ‘खोली दिली गेली’ असं खोटं सांगू नका. ती रिकामी खोली तिने डोळ्यांनी बघितली आहे. खरं कारण सांगा, माफी मागा आणि तुमच्या ओळखीत फोंडा-मडकई-मंगेशी भागात खोल्या देणारी माणसं असतील त्यांच्याकडे तिच्यासाठी स्वतः शब्द टाका. पण मला आशा आहे की हा परिच्छेद तुम्हाला लागणार नाही. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांना माझं म्हणणं पटलं नाही तर त्यांनी मला लिहावं, मी त्यांनाही असंच सविस्तर उत्तर देईन. तोवर सुताराला बोलावून घ्या.